पुढचं लोखंड

आमच्या भागात जीप घेतली की ती आधी गॅरेजला जायची आणि मग देवाला. कंपनीनं दिलेली गाडी तशीच वापरायची असते हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. कारणही तसंच होतं. भोरच्या पश्चिमेला, वरंधा घाटाच्या अंगाला आमचं गाव. पाऊस लागला की चार महिने वाट कुठली आणि ओढा कुठला कळायचं नाही. तिथं जीपशिवाय दुसरं वाहन टिकत नव्हतं.

1947 साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. मुळात लढाईसाठी बनलेली ही गाडी. तिचा मोठा गुण म्हणजे ती सोपी. चार पाने आणि एक हातोडा असला की गावातला मिस्त्रीही ती उघडायचा आणि परत जोडायचा. म्हणूनच तिच्यात बदल करायचा मोह लवकर होतो.

माझी जीप मी 1994 साली सेकंड हँड घेतली. पहिल्या वर्षी मागचे पाटे वाढवले, कारण भाताची पोती भरली की मागचं अंग खाली बसायचं. मग खोल नक्षीचे मोठे टायर टाकले. मागं ओढायला हूक वेल्डिंग करून घेतला. यातलं एकही काम मी हौसेनं केलं नाही. पण पाटे वाढवल्यावर रिकामी गाडी दगडासारखी उडायची. एकदा शेजारची बाळंतीण दवाखान्यात नेताना तिच्या सासूनं मागून हाक दिली, "आरं, पोती न्हाईत ह्या गाडीत, माणूस हाय!" मी गाडी सावकाश घेतली, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. पोत्यांसाठी केलेली सोय त्या बाळंतिणीच्या हाडांवर आली होती.

हे मला नवीन नव्हतं. मी सहावीत असताना वडलांनी लाकडी चाकांची बैलगाडी मोडून टायरची गाडी केली. आख, तुंबा, आरे, धाव सगळं गेलं आणि रबरी चाकं आली. गाडी इतकी हलकी चालायला लागली की लोक बघायला आले. आठ पोत्यांच्या जागी वडील चौदा भरायला लागले. सपाटीला बैलांना सुख झालं, पण उतार आला की भरली गाडी मागून रेटायची, आणि तो सगळा भार दोन मानांवर थोपवायचा. त्या वर्षी बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आई लोणी-हळद घेऊन गेली, तर बैल मागं सरला. खांदा आला होता. आई एवढंच म्हणाली, "चाकं सुधारली, पर ह्यांच्या मानंला कुणी इचारलं का?" वडलांनी दुसऱ्या दिवसापासून दहाच पोती भरली. टायर काढले नाहीत, फक्त लोभ कमी केला.

एवढं बघून, कळून, मी जीपला पुढं लोखंडी गार्ड बसवला. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाला. जाड पाइपचा, काळा रंग दिलेला. त्याची गरज काय होती? मी लोकांना सांगायचो, रात्री रानडुक्कर आडवं येतं. खरं सांगायचं तर तो लावल्यावर गाडी रुबाबदार दिसायची. समोरचा आपसूक बाजूला व्हायचा, आणि ते मला आवडायचं.

2003 चा भाद्रपद. रात्रीची वेळ, वरून पाऊस. भोरहून येताना वळणावर वरच्या आळीतले नाना डोक्यावर घोंगडं घेऊन म्हशीमागं निघाले होते. मी ब्रेक दाबला. वेग फार नव्हता, पण चिखलात चाकं घसरली आणि गार्ड नानांना लागला. मांडीचं हाड मोडलं. त्याच जीपमध्ये घालून त्यांना दवाखान्यात नेलं.

पहाटे दवाखान्याच्या आवारात आम्ही चहा घेत होतो. गावचा एक जण म्हणाला, "गाडीला काय झालं न्हाई ना?" आणि मी बोलून गेलो, "गार्ड हाय ना, वरखडासुद्धा न्हाई." त्या बोलण्यात कौतुक होतं. मागं पायरीवर नानांची बायको बसली होती. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग जीपकडं. एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मी पाना घेतला आणि भर पावसात गार्डचे नट सोडवले.

गार्ड नसता तर नानांचा पाय वाचला असता का? छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. जीपचं तोंड तसंही काही कापसाचं नसतं. पण मूळचा बंपर खाली होता आणि हा पाइप बरोबर मांडीच्या उंचीला होता. नाना बरे झाले, लंगडत चालायला लागले, आणि कधी मला बोलले नाहीत. "रातचं दिसत न्हाई रं, तुझा काय दोष," असंच म्हणायचे. ते दोष देत नव्हते म्हणून मला तो मोजता येईना.

आता वीस वर्षांनी हाच विषय घरात परत आला. थोरला पोरगा चाकणला कामाला आहे. त्यानं नवी फोर बाय फोर घेतली आणि यादी केली. मोठे टायर, गाडी उचलायचं किट, ओढ्यातून जाताना इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून हवेचं नळकांडं वर घेणारा स्नॉर्कल, विंच, आणि पुढं गार्ड.

मी एकेक करून बोललो. मोठे टायर घाल, पण चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, काटा मात्र जुन्याच हिशेबानं वेग दाखवतो. म्हणजे काट्यावर साठ दिसतं तेव्हा गाडी त्याहून जास्त पळत असते. जड चाक थांबवायला ब्रेकलाही जास्त जोर लागतो. गाडी उंच केली की वजन वर जातं आणि आडव्या उतारावर ती कलंडायला बघते. एक भाग बदलला की त्याचा भार दुसऱ्या भागावर जातो. तो कुठं गेला हे बघायची जबाबदारी बदल करणाऱ्याची.

विंचला मी नाही म्हणालो नाही. मागच्या श्रावणात त्याच्या मित्राच्या गाडीच्या विंचनं आमच्या ओढ्यात रुतलेला दुधाचा टेम्पो बाहेर काढला होता. पण पहिल्यांदा त्यांनी तारेचा दोर थेट बांधावरच्या जांभळाला गुंडाळला आणि झाडाची साल सोलून निघाली. मग मी गोठ्यातला रुंद पट्टा दिला, तारेवर ओलं पोतं टाकायला लावलं, आणि बघ्यांना लांब केलं. ताणलेली तार तुटली तर पहिला मार बघणाऱ्याला बसतो.

गार्डवर मात्र अडलं. मी कायदा सांगितला. मोटार वाहन कायदा 1988 चा, त्याचं कलम 52. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रानं राज्यांना असे गार्ड लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला कळवलं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या मूळ रूपाशी न जुळणारा बदल चालणार नाही. पोरगा हसून म्हणाला, "आबा, मग तुमचे पाटे? आणि आता विंचला तुम्ही हो म्हणालात ते?" तो खोटं बोलत नव्हता. पासिंगच्या दिवशी काढायचं आणि दुसऱ्या दिवशी परत लावायचं, हे गावोगाव चालतं. कायद्याची ढाल करायचा हक्क मला नव्हता.

मग त्यानं खरी गोष्ट काढली. "समोरून डंपर आला तर? तुमची नात मागं बसलेली असते."

इथं माझी बोलती बंद झाली. नात मलाही प्यारी आहे. मी म्हणालो, गाडीचं तोंड चेपावं म्हणूनच बनवलेलं असतं. ते चेपतं आणि धक्का खातं. गार्ड थेट चासीला बांधला की धक्का आत बसलेल्यापर्यंत येतो, आणि एअरबॅगच्या सेन्सरचाही हिशेब चुकू शकतो. हे त्याला पटलं. पण मला स्वतःचंच उत्तर पुरं वाटलं नाही. कारण त्यात मी पुन्हा आपल्याच माणसाचा हिशेब केला होता. समजा उद्या कुणी असा गार्ड काढला की आतल्याला फायदाच होईल आणि बाहेरच्याचा पाय मोडेल. मग लावायचा का?

प्रत्येक जण आपल्या घरात बसून "लावा" म्हणेल. आपलं माणूस आत असतं म्हणून तसं म्हणता येतं. पण रस्त्यावर आपण रोज आत नसतो. आज गाडीत बसलेली नात उद्या शाळेला चालत जाईल, आणि समोरून येणाऱ्या गाडीतल्या बापालाही त्याची लेक प्यारी असेल. गाडीला हवं ते लावावं, पण ज्याचा मार आपल्याला न विचारता दुसऱ्याला बसणार आहे, ती गोष्ट आपल्या पैशानं घेतली तरी आपली एकट्याची राहत नाही. वडलांना हे बैलाच्या खांद्यानं शिकवलं. मला नानांच्या मांडीनं. शिकवण्याची किंमत दोन्ही वेळा दुसऱ्यानंच भरली.

पोरानं टायर घातले, विंच बसवला. गार्डचं अजून नक्की नाही. गेल्या रविवारी तो आला तेव्हा नाना काठी टेकत ओट्यावर आले. त्यानं त्यांना पुढच्या सीटवर बसवून गावातून चक्कर मारली. उतरताना नानांना उंच गाडीतून पाय खाली टेकवता येईना. पोरानं त्यांना दोन्ही हातांनी धरून उतरवलं आणि मोडक्या पायाकडं जरा वेळ बघत राहिला. मी त्याला काही विचारलं नाही.