ड्रायव्हरचा चहा

आमच्या हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. विमान जवळून बघायचे तर नांदेड गाठावे लागते, आणि विमानात बसायचे तर आधी घराचे हप्ते फेडावे लागतात. तेव्हा खाजगी विमानांच्या पायलटांचा पाहुणचार या विषयावर मी तोंड उघडले की आमची ही म्हणते, "आधी गॅसचा नंबर लावा." पण दोष माझा नाही, भाच्याचा आहे. तो मुंबईला खाजगी विमानांच्या टर्मिनलवर नोकरीला लागला.

दिवाळीला आला तेव्हा मी विचारले, "म्हणजे शेटजींची बडदास्त ठेवायची, होय ना?"

"नाही मामा. शेटजी गाडीतून उतरले की दहा मिनिटांत विमानात. जपावं लागतं ते पायलट लोकांना. ते तासन्‌तास बसून असतात."

मग त्याने अमेरिकेतल्या टर्मिनलांची वर्णने सांगितली. तिथे पायलटांना डुलकी काढायला अंधाऱ्या खोल्या, पाय पसरायला आरामखुर्च्या, गावात चक्कर मारायला फुकट मोटार, आणि ओव्हनमधून नुकतीच निघालेली बिस्किटे! आपल्याकडेही २०२० साली दिल्लीला खाजगी विमानांसाठी स्वतंत्र टर्मिनल उघडलेच आहे. आता एवढा जिव्हाळा कशापायी? तर इंधनापायी. कोणत्या गावी उतरायचे हे मालक ठरवतो. पण तिथे कोणाच्या दारात विमान उभे करायचे आणि टाकी कोणाकडून भरायची, हे पुष्कळदा पायलट ठरवतो. टाकीत तेल जाते हजारो लिटर. काही कंपन्या तर दर गॅलनमागे पायलटच्या नावावर पॉइंट जमा करतात. बिल अर्थातच मालकाच्या नावे.

हे ऐकले आणि मला एकदम ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. अहो, हा तर आपला हायवेवरचा ढाबा! रात्री अकराला ट्रॅव्हल्सची बस थांबते. आपण दुप्पट पैसे मोजून गार उसळ खातो, आणि मागच्या बाजूला बाजेवर बसून ड्रायव्हर-क्लीनर गरम रोटी खातात, तीही फुकट. कारण बस कुठे थांबवायची हे पोटात कावळे ओरडणाऱ्या चाळीस उतारूंच्या हातात नसते, एका स्टिअरिंगवाल्याच्या हातात असते.

मी कॉमर्सचा पदवीधर. तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला, "हा पाहुणचार नव्हे रे. हे कमिशन आहे, फक्त बिस्किटाच्या आकाराचं. अतिथी देवो भव म्हणणारी संस्कृती आपली. आपण काही अपेक्षा ठेवून चहा पाजत नाही."

भाचा शांतपणे करंजी खात म्हणाला, "मामा, तुमच्या बँकेत मोठा ठेवीदार आला की त्याला आत चहा मिळतो. त्याच्या ड्रायव्हरला कोण पाजतं?"

मी करंजीचे ताट जवळ ओढले. तोंडात काहीतरी असले म्हणजे उत्तर द्यावे लागत नाही.

पण प्रश्न काही गिळला जाईना. ढाबेवाला स्वार्थी, मान्य. टर्मिनलवाला स्वार्थी, तेही मान्य. पण त्या स्वार्थापायी का होईना, त्यांना गाडी चालवणारा माणूस दिसतो तरी. आम्ही निःस्वार्थी लोक! बँकेच्या मागे लिंबाखाली उभा असलेला तो ड्रायव्हर मला इतक्या वर्षांत कधी दिसलाच नव्हता. अपेक्षा नाही म्हणून चहाही नाही, असा आमचा चोख हिशेब.

आणि हे कुठे, तर नामदेवांच्या जिल्ह्यात! नरसी आमच्याचकडची. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले म्हणतात. त्या कुत्र्याकडून त्यांना काही इंधनाची ऑर्डर मिळायची नव्हती. औंढा नागनाथाची कथा तर पोरासोरांना ठाऊक. नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे पिटाळले, तर देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. अख्ख्या दगडी देवळाला फिरता आले. मला काउंटरवरून नुसती मान फिरवता आली नाही.

सुट्टी संपल्यावर ठेवीदार आले. साहेबांच्या केबिनमध्ये चहा गेला. मी आणखी एक कप सांगितला आणि स्वतः घेऊन लिंबाखाली गेलो. ड्रायव्हर दचकून उठला.

"कशापायी साहेब? इन्शुरन्स काढायचा हाय का?"

"नाही हो. सहज."

'सहज' या शब्दावर त्याचा मुळीच विश्वास बसला नाही. त्याने कपाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, माझ्या हातात फॉर्म नाही ना हेही पाहून घेतले. मगच पहिला घोट घेतला.

मी प्रसन्न मनाने काउंटरवर परतलो. बसता बसता लक्षात आले, की आपल्याला लेखाला विषय मिळाला! म्हणजे माझ्याही नावावर पॉइंट जमा झालेच म्हणायचे.

पण एक सांगतो. चहा गरम होता, आणि तो उन्हातून आलेल्या माणसाच्या पोटात गेला. माझे पॉइंट वजा केले तरी तेवढी बाकी उरतेच.