पसंतीक्रम खरा भरावा का?

एमबीएच्या पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी सगळ्यांना सारखेच विषय असतात. दुसऱ्या वर्षी निवड विद्यार्थ्याची. कोणाला वाटाघाटींचा वर्ग हवा असतो, कोणाला नव्या उद्योगासाठी भांडवल कसं उभं करायचं ते शिकायचं असतं, आणि एखाद्या गाजलेल्या प्राध्यापकाचा वर्ग तर जवळजवळ प्रत्येकालाच हवा असतो. समजा, त्या वर्गात खुर्च्या नव्वद आहेत आणि मागणारे दोनशे. प्रवेशाची चाळणी सगळ्यांनीच पार केली आहे, फी सगळ्यांनीच भरली आहे. मग खुर्ची कोणाला द्यायची?

प्रश्न कारकुनी वाटतो. रजिस्ट्रारच्या ऑफिसने नियम ठरवावा, सॉफ्टवेअरवाल्याने तो कोडमध्ये उतरवावा, विषय संपला. मी त्या दुसऱ्या जातीतला माणूस आहे. रांग लावणं, प्राधान्य ठरवणं, बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकणं, हे आमच्याकडे पन्नास-साठ ओळींचं काम असतं. पण या पन्नास-साठ ओळींमध्ये एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. नियमच असा असेल की खरं सांगणाऱ्याचं नुकसान व्हावं, तर खोटं भरणाऱ्याला दोष द्यायचा की नियम करणाऱ्याला?

सगळ्यात सोपा नियम म्हणजे जो आधी येईल त्याला आधी. सकाळी ठरलेल्या वेळेला साइट उघडते आणि बोटं धावायला लागतात. तत्काळ तिकीट काढलेल्या कोणालाही हा नियम समजावून सांगायला नको. एसीसाठी दहा वाजता, स्लीपरसाठी अकरा वाजता खिडकी उघडते आणि पुढची काही मिनिटं गरज कोणाची मोठी हे कोणी विचारत नाही. नेट कोणाचं वेगवान एवढंच मोजलं जातं. रांगेत उभं राहणाऱ्याने निदान वेळ तरी खर्च केलेला असतो. इथे तेही नाही. म्हणून मोठ्या बिझनेस स्कूल्सनी दुसरे मार्ग शोधले.

हार्वर्ड बिझनेस स्कूलची पद्धत बघा. तिथे दुसऱ्या वर्षाच्या ऐच्छिक विषयांसाठी प्रत्येक विद्यार्थी आपला पसंतीक्रम भरतो. संगणक चिठ्ठ्या टाकून सगळ्यांचा क्रम लावतो. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाला एक विषय मिळतो. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा, शेवटचा आधी. तिसऱ्या फेरीत पुन्हा सरळ. गल्लीत क्रिकेटच्या टीम पाडताना आपण आळीपाळीने गडी निवडायचो, तोच प्रकार. पहिली निवड मिळालेल्याला दुसऱ्या फेरीत थांबावं लागतं, म्हणून न्याय्य वाटतो.

आता यातली मेख. समजा, तुम्हाला मनापासून वाटाघाटींचा वर्ग हवा आहे आणि गाजलेल्या प्राध्यापकांचा वर्ग दुसऱ्या पसंतीचा आहे. वाटाघाटींच्या जागा तिसऱ्या फेरीपर्यंत शिल्लक राहतात, गाजलेला वर्ग पहिल्याच फेरीत भरतो. तुम्ही खरा क्रम लिहिलात तर पहिल्या फेरीत वाटाघाटी मिळतील, आणि दुसऱ्या फेरीत हात पुढे कराल तेव्हा गाजलेला वर्ग संपलेला असेल. ज्याला ही गंमत ठाऊक आहे तो गाजलेला वर्ग वर लिहितो, वाटाघाटी खाली लिहितो आणि दोन्ही घेऊन जातो. तुम्ही एक शब्दही खोटा लिहिला नाहीत आणि म्हणूनच तुमचा एक वर्ग गेला.

तो दुसरा मुलगा खोटं बोलला का? कोणी म्हणेल, फॉर्म म्हणजे काही शपथपत्र नव्हे. मंडईत "ताई, शेवटचा भाव सांगा" म्हटल्यावर जो भाव सांगितला जातो तो शेवटचा नसतो हे दोघांनाही ठाऊक असतं. त्याला आपण खोटं म्हणत नाही, घासाघीस म्हणतो. सगळ्यांना माहीत असलेल्या खेळात डाव टाकणं ही फसवणूक नव्हे. मला हा युक्तिवाद बऱ्याच अंशी पटतो. अडचण त्यातल्या "सगळ्यांना माहीत असलेल्या" या शब्दांत आहे. मंडईत समोर विक्रेता असतो, तो रोज याच खेळात असतो. इथे नुकसान ऑफिसचं होत नाही, नियम नीट वाचून प्रामाणिकपणे फॉर्म भरलेल्या वर्गमित्राचं होतं. आणि डाव कोणाला कळतो? ज्याचा सीनियर ओळखीचा आहे, ज्याच्या आधीच्या कॉलेजातले चार जण इथे आहेत, जो योग्य टेबलावर जेवायला बसतो. जो घरातला पहिलाच एवढ्या लांब आला आहे, त्याला हे सांगणारं कोणी नसतं. म्हणजे पैसा आणि मार्क बाजूला ठेवून समान संधी द्यायला निघालेला नियम ओळखीपाळखीची विषमता मागच्या दाराने आत घेतो.

महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या कॅप राउंडमधून गेलेल्यांना हे वातावरण परिचयाचं असेल. "ते कॉलेज मिळणारच नाही, वर कशाला लिहितोस?" हा सल्ला किती जणांनी ऐकला असेल! गंमत म्हणजे तिथे एका फेरीपुरता विचार केला तर हा सल्ला निरर्थक असतो. मेरिटनुसार एकेकाला एकच जागा द्यायची असेल, तर वर लिहिलेलं कॉलेज न मिळाल्याने खालच्या कॉलेजवरचा हक्क जात नाही. तरीही लोक डाव टाकतात, आणि डाव शिकवणाऱ्यांना फी देतात. नियम प्रामाणिक असून भागत नाही, तो प्रामाणिक आहे यावर लोकांचा विश्वास बसावा लागतो.

मग बिझनेस स्कूलने सरळ असा नियम करावा की डाव टाकायला जागाच राहणार नाही. असा नियम आहे आणि तो फार सोपा आहे. चिठ्ठ्या टाका, आणि पहिल्या नंबरच्या विद्यार्थ्याला त्याचे सगळे विषय एकदमच निवडू द्या. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. इथे खोटं लिहून कोणाचाच फायदा होत नाही. तुमची पाळी आली की जे हवं ते घ्या. सत्याला पूर्ण संरक्षण.

एरिक बुडिश आणि एस्तेल काँतियाँ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नेमकी हीच तुलना हार्वर्डच्या बाबतीत करून पाहिली. विद्यार्थ्यांनी सर्वेक्षणात सांगितलेली खरी पसंती आणि प्रत्यक्षात भरलेली पसंती त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दोन गोष्टी दिसतात. विद्यार्थी डाव टाकतात आणि त्यामुळे एकंदरीत सगळ्यांचंच नुकसान होतं, ही पहिली. दुसरी अनपेक्षित आहे. डावपेचांनी खराब झालेली आळीपाळीची पद्धतसुद्धा, सत्याला पूर्ण संरक्षण देणाऱ्या त्या सरळ चिठ्ठीपेक्षा विद्यार्थ्यांच्या हिताची ठरते.

असं का व्हावं? चिठ्ठीत पहिला आलेला विद्यार्थी आपला शेवटचा विषयही सगळ्यांच्या आधी निवडतो. त्या विषयाचं त्याला फारसं काही वाटत नाही, वेळापत्रकात एक फट होती ती बुजवायची होती. पण ती जागा मागच्या एखाद्याची पहिली पसंती असू शकते. पहिल्याला हे दिसत नाही आणि बघायची गरजही पडत नाही. त्या दोघांनी यासाठी निष्ठुरपणा या अर्थाचा शब्द वापरला आहे. तो माझ्या मनातून जात नाही. कारण इथे कोणीच खोटं बोललं नाही, कोणी नियम मोडला नाही, कोणाच्या मनात वाईट नव्हतं. नियमाने माणसांना खरं बोलू दिलं आणि शेजाऱ्याकडे बघण्याची सक्ती काढून टाकली. आळीपाळीत निदान एक घास घेतल्यावर ताट पुढे सरकवावं लागतं.

म्हणजे प्रामाणिकपणा आणि दुसऱ्याची कदर हे दोन वेगळे सद्गुण आहेत, आणि एक नियम दोन्ही सांभाळेलच असं नाही. माणसांच्या बाबतीत हे आपल्याला ठाऊक असतं. तोंडावर खरं बोलणारे पण कोणाची पर्वा न करणारे लोक प्रत्येकाच्या नात्यात असतात. नियमांच्या बाबतीत मात्र आपण विसरतो आणि "पारदर्शक आहे ना?" एवढंच विचारून थांबतो.

तिसरा मार्ग बोलीचा. प्रत्येकाला सारखे पॉइंट द्यायचे आणि विषयांवर बोली लावू द्यायची. आपल्याकडच्या काही व्यवस्थापन संस्थांतही ही पद्धत रुळलेली आहे. ऐकायला बाजारू वाटतं, पण यामागे एक भक्कम तत्त्वज्ञान आहे. रोनाल्ड ड्वॉर्किनने 1981 साली समतेवर लिहिताना एक कल्पना मांडली होती. जहाज फुटून काही माणसं एका निर्जन बेटावर पोचतात. बेटावरच्या वस्तू वाटायच्या आहेत. प्रत्येकाला सारख्या संख्येने शिंपले द्यायचे आणि लिलाव करायचा. शेवटी कोणालाही दुसऱ्याचं गाठोडं आपल्या गाठोड्यापेक्षा हवंसं वाटलं नाही, तर वाटणी न्याय्य. तुम्हाला जे महाग पडलं ते इतरांनाही हवं होतं म्हणून महाग पडलं. इतरांची इच्छा तुमच्यापर्यंत किमतीच्या रूपाने पोचते. चिठ्ठीत जी कदर हरवली होती ती इथे परत येते.

पण बिझनेस स्कूल म्हणजे बेट नव्हे. तायफुन सॉन्मेझ आणि उत्कु उन्व्हेर यांनी 2010 साली दाखवलं की पॉइंटच्या बोलीला इथे दोन कामं करावी लागतात. जागेवर हक्क सांगणं हे एक आणि तुमची आवड किती हे सांगणं दुसरं. आवडता विषय स्वस्तात मिळणार असेल तर शहाणा माणूस त्यावर कमी बोली लावतो आणि संगणक समजतो की याला तो फारसा नकोच आहे. पुन्हा डाव आलाच. शिवाय वर्ष संपल्यावर उरलेल्या पॉइंटचं काही करता येत नाही. जो शेवटपर्यंत जपून राहिला त्याच्या हातात शिंपलेच राहतात.

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टनमध्ये अशी बोली अनेक वर्षं चालली. 2013 साली त्यांनी ती बंद करून बुडिशच्याच सिद्धांतावर बेतलेली "कोर्स मॅच" ही यंत्रणा आणली. विद्यार्थ्याने बोली लावायची नाही. प्रत्येक विषय आपल्याला किती हवा ते शून्य ते शंभरमध्ये सांगायचं. दोन विषय एकत्र घेतले तर अधिक उपयोगी की कमी, तेही सांगता येतं. मग संगणक सगळ्यांच्या वतीने किमती शोधतो आणि त्या किमतींना प्रत्येकाच्या खिशाला परवडेल असं सगळ्यात चांगलं वेळापत्रक त्याला देतो. डाव टाकायचाच असेल तर तो तुमच्या वतीने यंत्र टाकतं, आणि सगळ्यांच्या वतीने सारखाच टाकतं. शेकडो विद्यार्थ्यांत एकट्याने खोटं लिहून किमती हलत नाहीत, त्यामुळे खरं लिहिणं हेच शहाणपणाचं ठरतं.

या यंत्रणेतली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते. सगळ्यांचे पॉइंट अगदी समान असले तर ती चालतच नाही. एक जागा, दोन विद्यार्थी, दोघांकडे शंभर-शंभर पॉइंट. किंमत शंभर ठेवा, दोघांनाही परवडते. एकशे एक ठेवा, कोणालाच परवडत नाही. एकालाच परवडेल अशी किंमत जगात नाही. म्हणून चिठ्ठी टाकून एकाच्या खिशात किंचित जास्त पॉइंट टाकावे लागतात. त्या किंचित फरकानेही एखाद्याला दुसऱ्याचं वेळापत्रक हवंसं वाटू शकतं, पण त्यातला एखादाच विषय काढला की हेवा संपतो, एवढी हमी गणित देतं. तंतोतंत समता अशक्य आहे म्हणून समतेचा नाद सोडायचा नाही, विषमता किती राहील याला कुंपण घालायचं. आरक्षण, कर, रेशन यांवरच्या आपल्या वादांत "पूर्ण समानता कधी येणारच नाही" हे वाक्य पळवाट म्हणून किती वेळा येतं, तेव्हा मला हे कुंपण आठवतं.

अर्थात याचीही किंमत आहे. या किमती अनेक संगणक एकदम लावून शोधाव्या लागतात. गल्लीतली टीम पाडताना "तुझा नंबर नंतर होता" हे लहान पोरालाही पटायचं. इथे नकार मिळालेल्याला कारण समजावून सांगणं कठीण होतं. नकाराचं कारण आपल्या भाषेत ऐकण्याचा हक्क छोटा नाही. तो नसेल तर नियम कितीही न्याय्य असो, मिळालेली जागा मेहेरबानी वाटते आणि गेलेली जागा कारस्थान.

मग पसंतीक्रम खरा भरावा का? खरं लिहिल्याने नुकसान होणार असेल तिथे डाव टाकणाऱ्या विद्यार्थ्याला मी दोष देणार नाही. पण डाव कळलेल्यावर एक जबाबदारी येते असं मला वाटतं. तो उघड सांगायचा. चार मित्रांना माहीत असलेला डाव म्हणजे वशिला, सगळ्यांना माहीत असलेला डाव म्हणजे निव्वळ नियम. कोणता वर्ग गेल्या वर्षी कितव्या फेरीत भरला, किती पॉइंटला गेला, हे ऑफिसने स्वतःहून लावलं तर अर्धा अन्याय तिथेच संपतो. काही बिझनेस स्कूल्स तसं करतातही.

उरलेला अर्धा नियम लिहिणाऱ्यांच्या खात्यावर. "आम्ही फक्त सिस्टीम बनवली, खोटं तर मुलांनी भरलं" हे आमच्या व्यवसायातलं आवडतं वाक्य आहे. पण खरं बोलणाऱ्याला दंड होईल असं कोड लिहून वर लोकांच्या चारित्र्याबद्दल तक्रार करता येत नाही. आणि तरीही सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न सॉफ्टवेअरच्या बाहेरच राहतो. दोनशे जणांना जो वर्ग हवा आहे त्यात खुर्च्या नव्वदच का, दुसरी तुकडी का नाही? वाटणीचा नियम कितीही हुशार असला तरी तो एक खुर्ची वाढवू शकत नाही. ती वाढवायची की नाही हे कोणीतरी मीटिंगमध्ये बसून ठरवतं, आणि त्या मीटिंगला चिठ्ठी लागत नाही.