दात भिडले, हे कशावरून?

जीपला 35 इंची टायर चढवले की ती चढावर धापा टाकते. म्हणून 4.10 गुणोत्तराचे गिअर काढून 4.88 चे घालायचे, तेही पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना. नाहीतर फोर-व्हीलमध्ये दोघांची भांडणं. डेन्व्हरला घरच्या गॅरेजात हे काम मी स्वतः शिकतोय. गॅरेजवाल्यांचे दर पाहता वैराग्यच येतं!

न्यायदर्शनाच्या भाषेत, पुस्तिका सांगते ते शब्दप्रमाण. डायल गेजवर क्राउनची (अ‍ॅक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाची) ढिलाई इंचाच्या हजारांशात दिसते, ते प्रत्यक्ष. पण दात भाराखाली कुठे टेकतात, हे डोळ्यांना दिसतच नाही. मग दातांना पिवळी पेस्ट फासायची, क्राउन दाबून धरत फिरवायचा आणि पेस्ट जिथे पुसली गेली त्यावरून ताडायचं. ठसा दाताच्या मुळाशी उतरला, तर पिनियन (क्राउनला फिरवणारं छोटं दातेरी चाक) क्राउनच्या फार जवळ. पिनियनची शिम, म्हणजे अंतर राखणारी चकती, पातळ करा. धुरावरून डोंगरावरचा अग्नी ताडणारं नैयायिकांचं अनुमान, दुसरं काय!

फक्त प्रत्यक्ष मानणारा चार्वाक म्हणेल, न दिसलेल्याची खात्री कशी देता? रास्त शंका आहे. पण शिम बदलली की ठसा सरकतो, तोही अपेक्षित दिशेनेच. ज्ञानाचा खरेपणा कृती फळल्यावर ठरतो, हे न्यायमत मला इथे पुरेपूर पटतं. चार्वाकाच्या हाती मी माझी जीप देणार नाही.