पडद्यावरचा आकडा हे कोणते प्रमाण?
कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला टाकीतली पाण्याची पातळी ‘दिसते’ असे आपण सहज म्हणतो. न्याय या भारतीय दर्शनाच्या हिशेबात ती त्याला दिसत नाही. इंद्रियाचा वस्तूशी संबंध आला तरच ते प्रत्यक्ष; इथे डोळ्यांचा संबंध येतो तो पडद्याशी. सेन्सर पीएलसीला, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या छोट्या नियंत्रक-संगणकाला, सांगतो, पीएलसी संगणकाला आणि संगणक माणसाला. म्हणजे हे शब्दप्रमाण, दुसऱ्याच्या सांगण्यावरून झालेले ज्ञान, आणि शब्दाची किंमत सांगणारा जितका आप्त, म्हणजे विश्वासार्ह, तितकीच. 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमने घाव घातला तो इथेच. इराणमधील नतान्झच्या सेंट्रिफ्यूजमध्ये ढवळाढवळ करताना, सारे सुरळीत असतानाची मापे आधी नोंदवून तीच पुन्हा दाखवण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्ये होती. यंत्र बिघडत होते आणि साक्षीदार शांतपणे खोटे सांगत होता.

मीमांसकांच्या मते ज्ञान मुळातच प्रमाण असते. बाधक ज्ञान पुढे आले तरच ते सोडायचे. न्याय दर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, म्हणतात, ज्ञान खरे की खोटे हे बाहेरून, विशेषतः त्यावर विसंबून केलेली कृती फळते की नाही यावरून ठरते. रोजच्या पाळीत ऑपरेटर मीमांसक असतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. सायबर सुरक्षेच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाचे काम त्याला नैयायिक करण्याचे आहे. अमेरिकेतील आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीच्या प्रशिक्षणात हल्लेखोर आणि रक्षक अशा तुकड्या समोरासमोर उभ्या करतात, त्यामागचे तत्त्व मला हेच वाटते. पडदा खोटे बोलतो हे पुस्तकातूनही कळते, पण पुस्तक म्हणजे पुन्हा शब्दच. ज्याने स्वतः एखादे माप बनावट करून पाहिले, त्याच्या संशयाला अनुभवाचा आधार असतो.

यावर मीमांसकाचा आक्षेप जुनाच आहे आणि वजनदारही: प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाची साक्ष लागली तर साखळी संपणार कुठे? प्रत्येक आकड्यावर शंका घेणारा माणूस कारखाना चालवू शकणार नाही. नैयायिक उदयनाचार्यांनी शंकेला मर्यादा घातली ती व्यवहाराची: शंका आपल्याच कृतीशी विसंगत ठरली की तिथे ती थांबते. पण ही मर्यादा कुठे आहे हे खुर्चीत बसून उमगत नाही. त्यासाठी व्हॉल्व्हपाशी जाऊन गेज पाहण्याची सवय लागते. प्रशिक्षणातला हल्ला लुटुपुटीचा असतो, हा दुसरा आक्षेप मला तितका जड वाटत नाही. हल्ला ठरवून केलेला असला तरी समोरचा पंप खरा असू शकतो. आणि खऱ्या हल्ल्यात हाताची सवयच कामी येते: युक्रेनमध्ये वीज कंपन्यांवरच्या सायबर हल्ल्यात 23 डिसेंबर 2015 रोजी ऑपरेटरांच्या डोळ्यांदेखत कर्सर आपोआप फिरत होता, एकेक ब्रेकर उघडून पुरवठा तोडत होता. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. काही तासांत वीज परतली, ती कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने ब्रेकर जोडले म्हणून.

तेव्हा केवळ प्रश्नपत्रिका सोडवून मिळणारे प्रमाणपत्र पुरेसे मानू नये. जिथे पाणी आणि वीज पडद्यावरून चालते, तिथल्या माणसांना वर्षातून काही दिवस पडद्याविना काम करायला लावावे.