पेपर सुटल्यावर

बारावीचा रसायनशास्त्राचा ७० गुणांचा पेपर सुटला, की कॉलेजच्या फाटकाशी घोळका जमतो. "उत्प्रेरकामुळे समतोल स्थिरांक बदलतो का रे?" एक जण ठामपणे म्हणतो, "बदलतो." मैत्रीण म्हणते, "छे! समतोल लवकर येतो, एवढंच." तिचं बरोबर असतं. त्याचा चेहरा पडतो.

लिहिलेलं उत्तर आता बदलता येणार नाही. मग ही चर्चा वाया गेली का? मुळीच नाही. वर्गात चारदा ऐकूनही डोक्यात न शिरलेली गोष्ट तिथं दोन मिनिटांत पक्की होते. पुढे सीईटी आहेच, तिथं ती उपयोगी पडेल.

पालकांनो, मूल दारात येताच "किती पडतील?" विचारू नका. आधी ताट वाढा. पोटात दोन घास गेले, की काय चुकलं ते मुलं आपणहून सांगतात.