पाण्याचा सातबारा

नदीला आई म्हणणं सोपं आहे. तिच्या पाण्यावर ज्यांची चूल पेटते, त्यांचा त्या पाण्यावर हक्क काय, हे आपण क्वचितच विचारतो. अद्वैत मल्लबर्मन यांची ‘तितास एकटि नदीर नाम’ ही बंगाली कादंबरी हा प्रश्न टाळू देत नाही.

तितास आजच्या बांगलादेशातल्या ब्राह्मणबाडिया भागात वाहते. तिच्या काठच्या मालो या मासेमार जातीत अद्वैत १९१४ साली जन्मले. १९५१ मध्ये क्षयाने गेले; कादंबरी पुस्तकरूपाने आली ती १९५६ मध्ये.

त्यांची तितास पद्मा नदीसारखी काठ गिळणारी नाही. शांत, भरवशाची. म्हणूनच ती कायम राहणार, हे मालोंनी गृहीत धरलेलं. पुढे पात्र गाळाने भरतं, मळई वर येते आणि आसपासचे जमीनवाले ती बळाने ताब्यात घेतात. मालोंनी पिढ्यानपिढ्या तिथे मासळी धरली, जमीन कधी धरली नाही. पाण्याचा सातबारा नसतो. पाणी गेलं की तिथे कोण राबत होतं, याचा पुरावाही गेला.

पण अद्वैत सगळा दोष गाळावर टाकत नाहीत. नदी आटण्याआधीच जात्रा या बंगाली लोकनाट्याच्या नाटक-गाण्यांची भुरळ वस्तीला पडते, मालोंची स्वतःची गाणी मागे पडतात, माणसं आपसांत फुटतात. वस्तीतलीच बासंती याच्या विरोधात उभी राहते. तिच्या बाजूने मोजकेच. मला कादंबरीचा हाच भाग सर्वांत जास्त छळतो. एकत्र असते, तर मळईवरून त्यांना असं सहज हुसकावता आलं असतं का?

ऋत्विक घटक यांनी १९७३ मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला. शेवटी मरणाऱ्या बासंतीला हिरव्या भातशेतातून धावणारं मूल दिसतं. तेही जगणंच, फक्त दुसऱ्या कुणाचं. नांगर धरणाऱ्याच्या घरीही भूक असते. त्याला खलनायक ठरवून सुटका नाही.

आपल्याकडेही धरणाचं पाणी ओसरलं की गाळपेर होते, आणि त्याच पाण्यात भोई जाळं टाकत असतात. दुष्काळात करपलेल्या पिकाचा पंचनामा व्हायलाच हवा. आटलेल्या तलावाकाठच्या रिकाम्या जाळ्यांचाही व्हायला हवा, आणि ती मागणी आधी शेतकऱ्यांच्या घरातून यायला हवी.