रिसोर्स आणि सावड

तीस वर्षं सॉफ्टवेअरच्या टीम बांधल्या आणि चालवल्या. या काळात सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "दोन रिसोर्स वाढवून द्या." माणसाला रिसोर्स म्हणणं ही नुसती बोलायची सवय, की त्यात काही नैतिक गैर आहे?

आयबीएमच्या ओएस/३६० प्रकल्पाचा अनुभव घेतलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये लिहिलं, की रखडलेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचे दिवस जातात. शिवाय पाच जणांत संवादाच्या जोड्या १०, तर दहा जणांत ४५.

हा झाला हिशेब. त्याची किंमत मोजतो तो ऐन घाईत आणून बसवलेला पोरगा. त्याला कोड समजावून द्यायला कुणाला सवड नसते, आणि तारीख हुकली की "नवे लोक कच्चे निघाले" म्हणायला सगळे मोकळे.

आमच्या खंडाळा तालुक्यात सुगीला सावड असायची. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. माणसं तिथेही मोजलीच जायची. ज्वारीची काढणी वाटून देता येते, म्हणून दहा हातांनी लवकर उरकते. कोड तसा वाटता येत नाही. पण मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा फरक. सावडीला आलेल्या माणसाचं आपण देणं लागतो. रिसोर्सचं कुणीच काही लागत नाही.

म्हणून माणूस मागणाऱ्याला मी आधी विचारतो, याला शिकवणार कोण, आणि त्या शिकवणाऱ्याचं कोणतं काम कमी करणार? याचं उत्तर मिळेपर्यंत मी माणूस देत नाही.